सासऱ्यांचा नांगर आणि माझी कॅसेट

माझ्यामुळे माझे सासरे अख्ख्या मालवण बंदरासमोर शेतकरी झाले.

गोष्ट दोन हजार दोनची. माझं माहेर कुडाळकडचं, घरी भातशेती. लग्न होऊन मालवणात आले ती एक कॅसेट घेऊनच. मुंबईच्या चार पोरांचा बँड. कव्हरवर चौघेही केस डोळ्यांवर ओढून खडकावर बसलेले. गिटारवर मराठी गाणी म्हणायचे. ती त्यांनीच रचली, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. (कव्हरच्या आत बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलं होतं, पण बारीक अक्षरं कोण वाचतं?)

सासरे होडीवरचे तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके. एक दिवस खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, जाळं विणता विणता ते गुणगुणायला लागले, "नांगर टाकलंय दर्यात, होडी माझी निजली..."

मी हातातलं सूप खाली ठेवलं. हे तर माझ्या बँडचं गाणं, आणि तेही चुकीचं.

"बाबा, तां तसा नाय. 'नांगर टाकलाय शेतात, जोडी माझी निजली' असा आसा. नांगर दर्यात कित्याक जायत?"

"गो, होडयेचो नांगर तो. होडी व्हावान जाव नये म्हणान टाकतत. आणि जोडी कोणाची?"

"बैलांची," असं म्हणून मी कॅसेट लावली.

बाबांनी दोनदा ऐकलं. "कॅशेटीत आसा म्हणजे शिकलेल्या माणसांनी बघलेला असतला," म्हणाले आणि पुन्हा जाळ्याकडे वळले. गरीब स्वभावाचे. मी मात्र गप्प बसले नाही. पुढचे तीन महिने ते "दर्यात" म्हणाले, की मी स्वयंपाकघरातून "शेतात!" म्हणून ओरडायची.

नारळी पौर्णिमा आली. बंदरावर नारळ वाहून झाले आणि दरवर्षीप्रमाणे खलाशांनी बाबांना गाण्याचा आग्रह केला. बाबांनी कानावर हात ठेवला, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात बैलजोडी निजवली.



"तांडेलानू, होडी इकलास काय? बैल कधी घेतलास?" कोणीतरी विचारलं, आणि मग जो हशा उसळला तो थांबेचना. बाबांचे कान लाल झाले. माझं नाव सांगून ते मोकळे होऊ शकले असते. पण ते एवढंच म्हणाले, "वय झाला रे. चुकलंय."

ते ऐकून मला राहवेना. बायकांच्या घोळक्यातून उठून मी सांगून टाकलं, "तेंची चूक नाय. मीच शिकवलंय." हशा दुप्पट झाला. बाबाही हसले, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

घरी आल्यावर बाबांनीच कॅसेट लावायला सांगितली. पहिलं गाणं त्यांना पाठ. दुसरं त्यांचे वडील म्हणायचे. तिसऱ्याची दोन कडवी बँडने गाळली होती, ती सासूबाईंनी मासे तळता तळता म्हणून दाखवली. एकेक गाणं माझ्या बँडच्या पोरांच्या हातून निसटत होतं. शेवटचं मात्र दोघांनाही ठाऊक नव्हतं.

"बघा, ह्यां बँडाचाच," मी जाहीर केलं आणि महिनाभर तेच गाणं वाजवत राहिले.

मग कुडाळहून माझी आई भेटायला आली. गाणं लागलेलंच होतं. पायांवर पाणी घेता घेता तीही म्हणायला लागली, आणि सगळी कडवी म्हणून गेली.

"तुका म्हायत आसा?" मी विचारलं.

"नसतला कसा? आमचा भातलावणीचा गाणा तां. तुका पाठीक बांधून ह्यांच म्हणत होतंय. तुका वळखाक येवक नाय?"

मी म्हटलं, "तेव्हा गिटार नव्हती ना."