चार पानांची शिफारस

जमनाबाई नेहमी आमच्यानंतर यायची. आम्ही मुली पहाटे साडेपाचला फावडी आणि राखेची घमेली घेऊन, गाणं म्हणत संडासांकडे निघायचो. जमिनीत खणलेल्या लांब चराचे संडास होते. अर्ध्या तासात ते साफ करून, वर माती-राख टाकून, हात धुऊन प्रार्थनेला बसायचो. आमची प्रार्थना सुरू झाली की कुंपणापलीकडून जमनाबाई यायची, पदर कमरेला खोचायची आणि आम्ही साफ केलेलं सगळं पुन्हा पहिल्यापासून साफ करायची.

हे मला कळायला अकरा दिवस लागले. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते, पण अक्कल अजून दुधाच्या दातांवर होती. फावडं तिथेच विसरलं म्हणून प्रार्थनेतून उठून गेले, तर ही बाई मी नुकत्याच साफ केलेल्या चरात उतरलेली.

“जमनाबाई, हे तर आमचं झालंय!”

तिनं मान वर केली नाही. “झालं ना, बाई. तुमी मनापासून करता. पण मनानं निघत नाई ना ते. खरडा लागते.”

वर्ध्याच्या आसपास त्या काळी समाज सुधारायला निघालेल्या संस्था बऱ्याच होत्या. आमची त्यातली एक लहानशी, सेलूहून हिंगणीकडे जाणाऱ्या वाटेवर, एका खेड्याच्या बाहेर. तिथे बालवाडीच्या शिक्षिका तयार होत. सातवी झालेल्या मुलीनं वर्षभर वर्ग केला की तिला कुठल्या तरी गावची बालवाडी मिळे. मी आर्वीची. वडील कापसाच्या जिनात कारकून. ‘आठ दिवसांत रडत परत येशील,’ असं ते म्हणाले, म्हणून केवळ त्यांची जिरवायला मी वर्षभर राहिले. तिथे प्रत्येकीनं रोजनिशी लिहायची असे. माझ्या वहीत रोज एक वाक्य ठरलेलं: ‘आज मी जातीचा अहंकार धुऊन काढला.’ रोज धुवावा लागतोय म्हणजे निघत नसणार, एवढंही त्या पोरीच्या डोक्यात आलं नाही.

जमनाबाईला मी कटाक्षानं ‘तुम्ही’ म्हणायची. ती दरवेळी मागे वळून बघायची. एकदा म्हणाली, “तुमी मले तुमी म्हनता, अन् मले वाटते मागं पाटलीनबाई येऊन राह्यली.”

मेहतरांचं एकच घर होतं त्या गावाला, तेही ओढ्यापलीकडे. घरात जमनाबाई आणि तिची इंदू, दोघीच. एका रविवारी मी त्यांच्याकडे गेले आणि ओट्यावर बसून मुद्दाम मोठ्यानं पाणी मागितलं, येणाऱ्याजाणाऱ्यानं ऐकावं म्हणून. जमनाबाईनं घासलेल्या लोट्यातून पाणी दिलं. मी एक लोटा प्यायले. मग बाहेरून दोन बायका जाताना दिसल्या, म्हणून आणखी एक प्यायले. वहीत त्यावर दीड पान लिहिलं. पुढे महिन्याभरानं इंदू सहज बोलून गेली की गावच्या विहिरीवर त्यांना पोहरा टाकता येत नसे. सकाळी कोणी दया करून वरून ओतलं तर घागर भरायची, आणि त्या दिवशी ती अर्धीच भरली होती. मी अस्पृश्यता निवारून परत आले तेव्हा त्या घरात भाकरीचं पीठ भिजवायला पाणी नव्हतं.

“तू बोलली का नाहीस?” मी इंदूला विचारलं.

“आई म्हने, बाई किती खुशीनं पेऊन राह्यल्या. पेऊ दे.”

त्याच वर्षी महारवाड्यातली माणसं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. आल्यावर त्यांनी गावाला सांगून टाकलं, मेलेली ढोरं आता आम्ही ओढणार नाही. गाव आठ दिवस धुमसलं आणि मग गप्प बसलं. मी धावत जमनाबाईकडे गेले. “बघा जमनाबाई! तुम्हीही सोडा हे काम. उद्यापासून येऊच नका.”

ती चुलीपुढे बसली होती. म्हणाली, “ते लय जन हाएत, बाई. एकमेकाच्या घरी भाकर खातीन. आमचं एकच घर. मी उद्या नाई आली तं परवा आमाले पानी कोन वतीन?” आणि मग माझं तोंड उतरलेलं पाहून, “रागावू नोका. तुमी सांगतलं तं मले बरं वाटलं.” मीच तिच्याकडून समजूत घालून घ्यायची, हे आमचं नेहमीचंच.

जमनाबाईनं आयुष्यात एकच गोष्ट मागितली, आणि तिचं दुर्दैव असं की ती माझ्याकडे मागितली. इंदू सातवी पास होती. शाळेत ती दाराबाहेर बसून शिकली, पण शिकली. संस्थेच्या गावातल्या बालवाडीवर शिकाऊ शिक्षिकेची एक जागा रिकामी होती. जमनाबाई संस्थेच्या फाटकापाशी उभी राहून म्हणाली, “बाई, तुमचं अक्षर चांगलं. अण्णाजीले चिठ्ठी लिवून द्या. माह्या पोरीले तुमच्यावानी करा. तिच्या हातात खराटा नोको.”

अण्णाजी आमचे संचालक. खोटं कशाला बोलू, भला माणूस होता. जमनाबाईसमोर आला तर दोन्ही हात जोडायचा. मी दोन दिवस बसून चार पानांची शिफारस लिहिली. तिच्यातलं एक वाक्य मला आजही तोंडपाठ आहे: ‘सफाईचे संस्कार या मुलीच्या रक्तातच आहेत.’ लिहून झाल्यावर माझ्याच डोळ्यांत पाणी आलं होतं. भाषेवर तेव्हा माझा फार जीव!

त्याच आठवड्यात मी आणखी एक चिठ्ठी लिहिली. माझी मावसबहीण सुमन घरात रिकामी बसली होती आणि मावशी मागे लागली होती. ती चिठ्ठी तीन ओळींची: ‘माझी मावसबहीण. सातवीच्या परीक्षेला बसली आहे. चांगल्या घरची आहे.’ बसली होती हे खरंच, पास झाली नव्हती. तिनं ते कुणाला सांगितलं नाही आणि तिला कुणी विचारलंही नाही.

माझी चार पानं अण्णाजींनी सायंप्रार्थनेत वाचून दाखवली. ‘रक्तातच आहेत’ इथे त्यांचा आवाज दाटून आला. मग त्यांनी जाहीर केलं की अशा मुलीला नुसत्या बालवाडीवर बसवणं हा तिच्या गुणांचा अपमान होईल. तिच्यासाठी संस्था नवी जागा निर्माण करत आहे, सफाई-शिक्षिकेची. टाळ्या झाल्या. सर्वांत मोठ्यानं टाळ्या कुणी वाजवल्या ते तुम्ही ओळखलंच असेल. रिकाम्या जागेवर सुमन आली.

पहिल्या दिवशी इंदू धुतलेलं लुगडं नेसून, पाटी आणि पेन्सिल घेऊन आली. शिक्षिका आहे तर लिहावं लागेल, असं तिला वाटलं. अण्णाजींनी हसून पाटी बाजूला ठेवली आणि तिच्या हातात फावडं दिलं.

तेव्हा कुठे माझी टाळी थांबली. मी अण्णाजींकडे गेले, इंदूला बालवाडीच द्या म्हटलं. ते शांतपणे म्हणाले, “माझी काय हरकत असणार, ताई? पण गाव मुलं पाठवणार नाही. बालवाडी ओस पडेल, नुकसान मुलांचं.” म्हटलं, गावालाच विचारते. आधी पाटलांच्या वाड्यावर गेले. पाटील सुपारी कातरत म्हणाले, “मी तं काई मानत नाई. पन बाया पोरं धाडनार नाईत, पोरी.” बायांकडे गेले. “आमाले चालते हो. सासूबाईले नाई चालनार.” सासूबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, “आमचं काय, आमच्या गवऱ्या मसनात गेल्या. पन पाटलाचं लेकरू आलं नाई तं आमी आमचं कसं धाडाव?” संध्याकाळी मी पुन्हा पाटलांच्याच दारात उभी. हरकत असलेला एकही माणूस मला त्या गावात सापडला नाही. सापडला असता तर भांडता तरी आलं असतं.

आणि सुमनला ‘तू जागा सोड’ म्हणायचं सुचलं नाही का? सुचलं की. पण मावशी काय म्हणेल? माझी स्वतःची काही हरकत नव्हती. सुमननं पुढे तीन महिने बालवाडी चालवली, मग तिचं लग्न ठरलं आणि तिनं ती सोडून दिली. तेव्हाही त्या जागेवर इंदूचं नाव कुणाला आठवलं नाही, कारण इंदू ‘लागलेली’ होती.

वर्ष संपून मी निघाले तेव्हा जमनाबाई फाटकाशी आली. जराशी घुटमळली.

“बाई, त्या चिठ्ठीत काय लिवलं होतं? मले वाचता येत नाई, अन् इंदू सांगत नाई.”

कच्चा मसुदा माझ्या वहीत होता. मी चारही पानं वाचली. तिनं खाली बसून, गालाला हात लावून शेवटपर्यंत ऐकलं.

“लय चांगलं लिवलं,” ती म्हणाली. मग जणू काही आपलंच चुकलं असावं तसं विचारलं, “पन बाई, इंदूचा गनितात पयला नंबर होता. गुरुजी सगळ्या पोराईसमोर म्हनले होते. ते नाई लिवलं?”

नव्हतं लिहिलं. मला ते ठाऊकच नव्हतं. वर्षभर मी त्या घरी जात होते, पाणी पीत होते, आणि पोरगी शाळेत काय शिकली हे मी एकदाही विचारलं नव्हतं. तिच्यातलं मला जे दिसलं, ते मी चार पानं लिहिलं. आणि मला दिसला होता तिच्या आईच्या हातातला खराटा.

दोन-अडीच वर्षांनी मी पुन्हा तिकडे गेले. तोवर मी शिक्षिका झाले होते, खांद्याला पिशवी लावून चालत होते. संस्थेत मुलींची सफाई ऐच्छिक झाली होती, आणि इच्छा कुणालाच होत नव्हती. शिकायला कोणी नसल्यामुळे सफाई-शिक्षिका सगळं एकटीच करत होती. इंदूनं मला लांबून पाहिलं, ओळखलं आणि घमेलं घेऊन दुसऱ्या बाजूला गेली.

जमनाबाई घरी बाजेवर पडून होती. छातीचा भाता झाला होता. शेजारी जुन्या लुगड्याच्या झोळीत, मधल्या काळात लग्न झालेल्या इंदूची तान्ही मुलगी. मी झोका दिला. पोर हसली. आणि माझी ती जुनी सवय उफाळून आली.

“जमनाबाई, ही मोठी झाली ना, की मी हिच्यासाठी...”

तिनं माझं मनगट धरलं. एवढ्या ओळखीत तिनं मला कधी हात लावला नव्हता. पकडीत जोर नव्हता, पण सोडवून घेता येईना.

“बाई,” ती म्हणाली, “तुमचे लय उपकार हाएत. पन हिच्यासाठी काई लिवू नोका.”

त्याच पावसाळ्यात ती गेली. मी काही लिहिलं नाही. आणि मी न लिहिल्यानं त्या मुलीचं काही बरं झालं असेल, असंही मला वाटत नाही.