न दिसणारा सांधा

पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात उमेदीची सगळी वर्षे घालवलेल्या माणसाच्या बोटांना एक खोड लागते. कुठलीही वस्तू हाती आली, की बोटे आधी तिचा सांधा शोधतात. दादा दुकानात बिस्किटांचा पुडा घेत, तोसुद्धा कडेवरून अंगठा फिरवल्याखेरीज पिशवीत पडत नसे. आणि सांधा बाहेरून दिसत असला, तर घरी येईपर्यंत त्यांचे तोंड वाकडे असे.

"बिस्किटं चांगली आहेत ना?" वहिनी म्हणत. "मग झालं तर. पुडा काय चहात बुडवायचाय?"

वहिनी म्हणजे दादांची पत्नी. त्यांना वहिनी म्हणणारी नणंद एकच होती, पण ती हाक शेजारपाजारच्यांच्याही तोंडी बसली होती.

कारखान्यात दादांचे दोन नियम प्रसिद्ध होते. सांधा आतल्या बाजूला, हा पहिला. दुसरा असा, की नवा खोका बसवायचा तो माल आत ठेवूनच. रिकामा खोका चिकटवला की सुकताना तो किंचित आक्रसतो आणि मग कपबशी आत जाता जात नाही. म्हणून काचेचे सामान असो नाहीतर साबणाची वडी, दादा वस्तू मध्ये ठेवत, भोवती पुठ्ठा दुमडत, कडेच्या पट्ट्यांना खळ लावून त्या आत वळवत आणि वर वजन ठेवून देत. खळ सुकली की खोका त्या वस्तूच्या अंगावर शिवल्यासारखा बसे. नवे लोक कुजबुजत, की या माणसाला मालापेक्षा खोक्याचेच कौतुक जास्त. त्यात तथ्य नव्हते असे नाही.

धाकटी त्यांची बहीण. दोघांच्या वयात अंतर इतके, की तिला बोटाला धरून शाळेत पोचवायला दादाच जात. पुढे ती गायला लागली. एका मोठ्या हॉटेलच्या भोजनगृहात चार वादकांच्या साथीने ती रोज संध्याकाळी गायची. समोर काट्याचमच्यांचा आवाज चाले. "मी वर सुरात उभी असते आणि खाली लोकांना चिंता, की सूप निवतंय," असे ती हसत सांगे. पण त्या सुराचा तिला अभिमान होता. एका गाण्याच्या शेवटी एक चढा सूर होता. तो ती श्वास संपेपर्यंत धरून ठेवी आणि तो तसूभर हलत नसे. ज्यांचा आवाज थरथरतो अशा गाणाऱ्यांना ती सरसकट 'शेळ्या' म्हणे.

मग तिच्या घशाला दुखणे लागले आणि डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकले. गळ्यावर पट्टी आली, मांडीवर पाटी आली. पाटीमुळे तिचा तिरकसपणा उणावला नाही, अक्षर मात्र सुधारले. वहिनींनी पहिल्यांदा तिच्यासाठी अळणी पेज नेली, तेव्हा तिने दोन घोट घेऊन लिहिले, 'चव घशात नसते, वहिनी. जिभेला मीठ लागतं.'

हॉटेलातल्या ध्वनियंत्रणेवर बसणाऱ्या माणसाने तिची गाणी वेळोवेळी टेपवर घेऊन ठेवली होती. ऐन भरात असताना रेकॉर्ड काढणाऱ्या एका कंपनीने तिला बोलावले होते, पुष्कळ वेळ बाकावर बसवले होते आणि 'आवाज चांगला आहे, पण बघू' असे सांगून परत पाठवले होते. ते बघणे पुढे कधी झाले नाही. दुखणे छातीत उतरल्याचे डॉक्टरांनी दादांना बाजूला घेऊन सांगितले, त्याच आठवड्यात धाकटीने पाटी त्यांच्यापुढे धरली. 'एक रेकॉर्ड हवी. माझी. हातात धरता येईल अशी.'

"गाणी मोबाइलवर घालून देतो म्हणत होता ना तो टेपवाला?" दादा म्हणाले.

'मोबाइल त्याचा. रेकॉर्ड माझी.'

"करू," दादा म्हणाले. कशी करतात, हे त्यांना ठाऊक नव्हते.

चौकशी करता करता कळले, की त्यासाठी कंपनीची मेहेरबानी लागत नाही. ज्याच्याजवळ गाणे आहे आणि साठवलेले काही पैसे आहेत, तो आपली रेकॉर्ड आपण काढू शकतो. आधी गाणी एका तबकडीवर कापून घ्यायची. तिच्यावरून धातूचे साचे बनतात. त्या साच्यांत तापलेल्या प्लॅस्टिकचा गोळा दाबला की रेकॉर्ड निघते. दादांना हे लगेच पटले. साचा, दाब आणि नग, ही भाषा त्यांच्या घरची होती.

तबकडी कापणारे गृहस्थ एका छापखान्याच्या माडीवर बसत. लाखेचा काळा थर दिलेली तबकडी यंत्रावर फिरत होती आणि केसाहून बारीक रेघ कापणारी सुई कडेकडून मध्याकडे सरकत होती. धाकटीने गाण्यांचा क्रम लिहून आणला होता. तिचे चढ्या सुराचे गाणे तिने शेवटी ठेवले होते, कार्यक्रमात असे तसेच. गृहस्थांनी चष्म्यावरून तो क्रम पाहिला आणि मान हलवली.

"हे गाणं शेवटी नको. कडेला एका फेऱ्यात सुईला लांबलचक वाट मिळते. मध्याशी जाल तशी वाट आखूड. एवढा चढा आवाज तिथे मावत नाही, फाटतो. ते पहिलं घ्या आणि हे हळू गाणं मध्याशी जाऊ द्या."

धाकटीने लिहिले, 'आधी टाळ्या आणि मग गाणं?'

"बाई, टाळ्यांचं मला कळत नाही. सुईचं कळतं."

ते हळू गाणे धाकटीला कधीच फारसे आवडले नव्हते. जेवणारे लोक उठायला लागले, की खुर्च्यांच्या आवाजात ती ते म्हणून टाकायची. तिने आधारासाठी दादांकडे पाहिले.

"धाकटे, मालाचं ऐकावं लागतं," दादा म्हणाले.

तिने पाटी पुसली. मग क्रम बदलून लिहिला.

काही आठवड्यांनी रेकॉर्डी दाबणाऱ्या कारखान्यातून दोन नमुना प्रती आल्या. मध्यावर कोरा पांढरा कागद, वर एक अक्षर नाही. त्या ऐकून होकार कळवला की मगच बाकीच्या दाबणार होते. पहिली प्रत धाकटीच्या खोलीत लावली. वहिनी दाराशी टेकून उभ्या होत्या. चढा सूर सुरू झाला तेव्हा धाकटीने एक बोट हवेत उचलले आणि सूर संपेपर्यंत तसेच धरून ठेवले. बोट हलले नाही, सूरही हलला नाही. मग तिने लिहिले, 'पास.'

"पास काय, पहिला नंबर," वहिनी म्हणाल्या आणि पाणी आणते म्हणून आत गेल्या. त्या बऱ्याच वेळाने बाहेर आल्या, तेही पाणी न घेता.

एक नमुना मान्यतेची खूण म्हणून कारखान्याकडे परत गेला, दुसरा धाकटीने ठेवून घेतला.

रेकॉर्डींच्या त्या कारखान्यातला मुकादम म्हणाला होता, की कव्हरे आमच्याकडेच करून घ्या, सगळे तसेच करतात. दादांना ते लागले. "पुठ्ठ्याला दुसऱ्याचा हात लावून घ्यायला मी काय मेलोय?" असे त्यांनी घरी येऊन वहिनींना विचारले. मुकादमाने माल ताब्यात देताना बजावलेही होते: "रेकॉर्डी उभ्या ठेवा, सावलीत ठेवा, वर काही ठेवू नका." दुसऱ्याच्या आजाराचे पथ्य ऐकावे तसे दादांनी ते ऐकले आणि मान डोलावली.

गर्द निळा पुठ्ठा त्यांनी स्वतः निवडला. वर फक्त तिचे नाव छापायचे होते. फोटोला तिने नकार दिला होता. साथीचे वादक येत्या रविवारी तिच्याकडे जमणार होते आणि प्रत्येकाला ती आपल्या हाताने रेकॉर्ड देणार होती. यापुढचा कुठला रविवार धरून चालावे, हे डॉक्टरही सांगत नव्हते. त्यामुळे घाई होती. घराच्या मागे पत्र्याची खोली होती, तिथे दादांनी पाट मांडला. कागदी पिशवीतली रेकॉर्ड मध्ये ठेवायची, भोवती पुठ्ठा दुमडायचा, वरच्या आणि खालच्या कडेच्या पट्ट्यांना खळ लावून त्या आत वळवायच्या. मग एकावर एक थप्पी आणि थप्पीवर खोक्यांच्या कारखान्यातून निवृत्तीच्या वेळी मागून आणलेले लोखंडी ठोकळे. आयुष्यभर हात जसे चालत आले तसे चालले. उन्हाळा होता, पत्रा तापत होता. खळ लवकर सुकेल, असे त्यांना त्यात बरेच वाटले.

रविवारी सकाळी त्यांनी वजने उतरवली. वरचे कव्हर हातात घेऊन कडेवरून अंगठा फिरवला. सांधा लागला नाही.

"बघू तरी, तुमच्या खोक्यात गाणं आहे का," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी प्लेअरवरची धूळ पुसली.

सुई टेकली. पहिलेच गाणे सुरू झाले आणि धाकटीचा आवाज हेलकावे खाऊ लागला. सुई वर उचलली जात होती, खाली पडत होती, तिच्याबरोबर सूर चढत होता, उतरत होता.

"प्लेअर बिघडला असेल," वहिनी म्हणाल्या.

दादांनी दुसरी लावली, मग तिसरी. ती वाजत असतानाच दादांनी पहिली तबकडी डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरून खिडकीकडे पाहिले. समोरासमोरच्या दोन कडांना बारीक लाट आली होती, नेमकी तिथे, जिथे पुठ्ठ्याच्या पट्ट्या आत वळल्या होत्या. पट्टीची जाडी ती काय, नखाएवढीही नाही. पण खाली ती, वर लोखंड आणि डोक्यावर तापलेला पत्रा. पुठ्ठ्याने आपला आकार घेतला होता आणि प्लॅस्टिकने पुठ्ठ्याचा. थप्पीतली एकही सुटली नव्हती.

सुई उचलायचे त्यांना सुचले नाही. ती आत आत सरकत गेली आणि मध्याजवळचे हळू गाणे लागले. त्याचे सूर सरळ उभे होते. तिथवर पट्टी पोचली नव्हती. धाकटीच्या मनासारखे झाले असते, चढे गाणे मध्याशी असते, तर थोडे फाटले असते. पण हलले नसते. दादा पाटावर बसून राहिले.

"सांगू नका तिला," वहिनी म्हणाल्या. "आजचा दिवस जाऊ द्या."

"तिच्या हातानं ती लोकांना देणार आहे."

वहिनींनी पदराने प्लेअर उगाच पुन्हा पुसला.

दादा एक रेकॉर्ड घेऊन धाकटीकडे गेले. तिने नवी साडी नेसली होती, गळ्याला धुतलेली पट्टी होती. निळे कव्हर तिने दोन्ही हातांत धरले, आपल्या नावावरून बोट फिरवले. तेवढे झाल्यावर दादांनी सांगितले. पट्ट्या, वजन, पत्रा, सगळे सांगितले. काही वगळले नाही. तिने प्लेअरकडे बोट दाखवले.

"नको ऐकूस, धाकटे."

बोट तसेच राहिले.

दादांनी लावली. चढा सूर आला तेव्हा तिने बोट उचलले, पण कुठे धरावे ते तिला कळेना. सूर थरथरत राहिला आणि थोड्या वेळाने बोट खाली मांडीवर आले. गाणे संपल्यावर तिने पाटी घेतली.

'शेळी.'

दादांनी मान खाली घातली. पाटीवर पुन्हा खडू वाजला म्हणून त्यांनी वर पाहिले. पहिला शब्द पुसून तिने लिहिले होते, 'म्हातारपणी असाच झाला असता.'

"पुन्हा काढून घेऊ," दादा म्हणाले. "साचे आहेत अजून. थंडी पडली की नंबर लागेल, असं मुकादम म्हणाला. निघताना फोन केला होता मी त्याला."

धाकटीने त्यांच्याकडे पाहिले. मग उशीखालून पांढऱ्या कागदाची नमुना प्रत काढून त्यांच्या हाती दिली आणि निळ्या थप्पीबद्दल एवढेच लिहिले, 'नाही द्यायच्या.'

वादक आले. त्यांनी नमुना प्रत ऐकली, जुन्या चुका काढल्या, एकमेकांवर ढकलल्या. कव्हर हातोहात फिरले. ड्रम वाजवणाऱ्याने त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि विचारले, "दादा, याला सांधा कुठंय हो? दिसतच नाही." दादा चहाचे कप गोळा करू लागले. सगळे रिकाम्या हातांनी गेले. रेकॉर्ड तयार व्हायच्या आहेत, असे वहिनींनी दारात सांगितले.

थंडी पडायच्या आधीच धाकटी गेली. नंतर एका सकाळी मुकादमाचा फोन आला. नंबर लागला होता, साचे यंत्रावर चढवू का, असे तो विचारत होता.

"कोणाच्या हातात द्यायच्या?" दादा म्हणाले. मुकादमाला प्रश्न कळला नाही. "राहू द्या," दादांनी सांगितले.

धाकटीच्या खोलीतून आलेल्या सामानात ती नमुना प्रत होती, निळ्या कव्हरात घातलेली. दादांनी रेकॉर्ड बाहेर काढून बाजूला ठेवली. पातळ सुरीने कव्हराच्या कडा उसवल्या, आत वळलेल्या पट्ट्या सोडवून बाहेर काढल्या आणि मागच्या बाजूवर उलटवून चिकटवल्या. निळ्यावर पुठ्ठ्याचा मातकट रंग, खळीचे डाग, वेडीवाकडी कड. वर वजन ठेवले नाही. रिकामे कव्हर त्यांनी खिडकीशी सुकू दिले.

वहिनींनी ते येता जाता पाहिले. "सांधा दिसतोय," त्या हळूच म्हणाल्या.

"दिसू दे."

सुकल्यावर ते जरा आक्रसले होते. रेकॉर्ड आत घालायला जड गेली. दादांनी ती हळूहळू सरकवली आणि कपाटात, सावलीच्या बाजूला, उभी ठेवली.