खांद्यावरची लेन्स

पल्लवीचा फोन आला तेव्हा मी रायपूरच्या सदर बाजारात एका दुकानात उशांच्या खोळी बघत होते. पल्लवी म्हणजे माझ्या नणंदेची, शोभाताईंची एकुलती एक मुलगी. नव्या रायपुरात नोकरी करते. मराठी तिला सगळं कळतं, पण बोलते हिंदीतच. “मामी, आप कहाँ हो?” एवढंच म्हणाली आणि पुढे नुसता तिचा श्वास ऐकू येत राहिला... ताई काही दिवसांपासून न्यूमोनियाने दवाखान्यात होत्या. मला कळलं. दुकानदार खोळी उलगडत होता आणि मी तशीच पायऱ्या उतरून गाड्यांच्या गर्दीत उभी राहिले.

ताई गेल्या त्याला आता महिना उलटून गेला. तात्यापारा मोहल्ल्यातल्या त्यांच्या घरी भेटायला आलेले लोक ताईंच्या सोशिकपणाबद्दल बोलले, रेल्वेच्या नोकरीबद्दल बोलले, भाऊजी, म्हणजे ताईंचे यजमान, गेल्यावर त्यांनी घर कसं सांभाळलं तेही बोलले. सगळं खरंच. पण मला मात्र आसामातली एक संध्याकाळच आठवत राहिली.

ताईंनी कॅमेरा हातात घेतला तो रिटायर झाल्यावर. आधी तलावावरचे बगळे, मग बारनवापारा अभयारण्यातले गवे. आणि ध्यास एकच, एकशिंगी गेंडा, तोही पिल्लासकट. “जगात फार राहिले नाहीत वं ते,” म्हणायच्या. “पिल्लू दिसलं म्हणजे वाटते, अजून चालून राहिलं त्यांचं.” तेवढ्यात उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. पल्लवीने कॅमेरा कपाटात ठेवून दिला. “मम्मी, अब बस.” ताईंनी तो गुपचूप बाहेर काढला आणि मला म्हणाल्या, “कुंदा, तू चाल माह्यासोबत. हा हात पुरा बिघडायच्या आत मले जाऊन येऊ दे.”

थंडीचे दिवस होते. ब्रह्मपुत्रेच्या काठचं ते जंगल, माणूस बुडेल एवढं उंच गवत. पहिल्या दिवशी धुकं, गेंडे दिसले ते दूरवर, राखाडी दगडांसारखे. दुसऱ्या दिवशी दुपारची शेवटची फेरी. उघडी जीप, पुढे ड्रायव्हर आणि बंदूकवाला वनरक्षक, मधल्या बाकावर मी आणि माझ्यामागे उंच बाकावर ताई. तिकडे दिवस फार लवकर मावळतो. आम्ही परतीला लागलो होतो, उजेड मंदावला होता, आणि वळणावर गवत हललं. मादी बाहेर आली. तिच्या पोटाला घासत एक पिल्लू.

ताईंनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि थांबल्या. “भैया, उसके पाँव में कुछ है।” वनरक्षक म्हणाला, कीचड़ होगा. “कीचड़ नहीं. तार है.” साध्या डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, पण पिल्लू मागचा पाय टेकवत नव्हतं हे मलाही कळलं. डुकरासाठी लावलेला तारेचा फास असावा. ताईंनी काढलेला फोटो वनरक्षकाने स्क्रीनवर पाहिला. नुसता धुरकट फराटा. मग त्याने पिल्लाचा अधांतरी पाय निरखून पाहिला आणि त्याचा चेहरा बदलला. तो वायरलेसवर बोलला, मग वळून म्हणाला, “मैडम, आज अँधेरे में डॉक्टर नहीं आ पाएगा. और ये घास में घुस गई तो कल कौन-सी थी, कैसे ढूँढेंगे? माँ का कान और सींग साफ़ चाहिए. और वो पाँव.”

अंधारातलं हे गणित ताईंनी मला कितीदा समजावलं होतं. उजेड कमी म्हणजे शटर जास्त वेळ उघडं ठेवायचं, आणि तेवढ्या वेळात हात जरा जरी हलला तर सगळं पुसून जातं. आणि त्यांचा हात तर हलतच होता...

“कुंदा, खांदा दे.”

ती जड लेन्स त्यांनी माझ्या उजव्या खांद्यावर टेकवली. त्यांची थरथर माझ्या हाडापर्यंत येत होती. “भैया, इंजन बंद करो, गाड़ी हिल रही है.” ड्रायव्हर तयार होईना. पिल्लूवाली मादी, समोर इतक्या जवळ, आणि इंजिन बंद? वनरक्षकाने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. इंजिन थांबलं. एकदम सगळं शांत झालं, गवताची सळसळ तेवढी.

मादीने मान वर केली. कान फिरवले. मग जोरात फुरफुरली आणि सरळ आमच्यावर धावून आली. एवढं मोठं जनावर इतकं चपळ असेल असं मला वाटलंच नव्हतं. जमीन हादरत होती. मला ओरडायचं होतं, वाकायचं होतं, पण कानाशी ताईंचा आवाज आला, अगदी हलका, “हालू नको वं पोरी... हालू नको.” वनरक्षक उभा राहून जीपच्या पत्र्यावर हात आपटत ओरडला. ती थांबली. तिच्या नाकातून निघणारी वाफ मला दिसत होती. ड्रायव्हर किल्लीवर हात ठेवून पुटपुटत होता, “मैडम, चलें... मैडम...”

“एक मिनट, भैया.”

मागे पिल्लू कण्हल्यासारखं ओरडलं. मादी वळली. क्षणभर ती आमच्याकडे कूस करून थांबली आणि पिल्लू तिच्या पुढ्यात तो पाय उचलून उभं राहिलं. “कुंदा, श्वास रोक.” मी रोखला. ताईंनीही रोखला असावा, कारण खांद्यावरची थरथर थांबल्यासारखी वाटली. कानाशी शटर वाजलं, पुन्हा वाजलं, पुन्हा... मग दोघं गवतात शिरली आणि तिथे अंधार तेवढा उरला.

सगळे फोटो बिघडले होते. एक सोडून. दाणेदार, रंग गेलेला, कुठल्याही प्रदर्शनात कोणी लावणार नाही असा. पण मादीच्या डाव्या कानाचा फाटलेला तुकडा त्यात दिसत होता, बोथट शिंग दिसत होतं आणि पिल्लाच्या पायात रुतलेली तार. वनरक्षकाने तो स्क्रीनवरून मोबाईलवर टिपून तिथूनच पुढे पाठवला. जीप निघाली तेव्हा ताई माझा खांदा चोळत राहिल्या. “लागलं का तुले?” आणि मग आम्ही दोघी रडलो की हसलो, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

रायपूरला परतलो तरी ताईंचं जेवणात लक्ष नव्हतं. फोन वाजला की दचकायच्या. शेवटी वनरक्षकाचाच फोन आला. त्या कानावरून मादी सापडली होती. दोघांना भूल देऊन तार कापली, पिल्लू लंगडतं आहे पण आईबरोबर चरतं आहे. ताई पलंगावर बसल्या. उजवा हात डाव्या हातात धरून बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. “काहून शिव्या देऊ याले आता?” म्हणाल्या. पल्लवी दारात उभी होती. त्यानंतर तिने कॅमेरा कधी कपाटात ठेवला नाही.

“दर वेळी तुहा खांदा कुठून आणू?” म्हणत त्यांनी मग जुन्या जीन्सची एक पिशवी शिवली, आत तांदूळ भरले. खिडकीच्या कट्ट्यावर ती ठेवून, वर लेन्स टेकवून त्या समोरच्या तारेवरचे पोपट टिपायच्या. हाताने साथ दिली तोपर्यंत, आणि नंतर नुसतंच बघायला.

परवा पल्लवी म्हणाली, पिशवीतल्या तांदळाला किडे लागलेत. आम्ही तो चिमण्यांना घातला, पिशवी धुऊन वाळवली. तिने तोंड उघडून धरलं, मी नवा तांदूळ ओतायला लागले. “मामी, और डालो ना, आधी तो ख़ाली है।”

गच्च भरली तर लेन्स बसत नाही, तिला जागा लागते, असं ताई सांगायच्या. मला ते आठवलं ते नंतर. हात आधीच थांबला होता.