राठोड सरांवरचा ठपका

राठोड सर गेल्याचं मला भाजीबाजारात कळलं. भाजीवाली मेथीची जुडी पिशवीत टाकता टाकता म्हणाली, "सिस्टर, तुमचे डॉक्टर पहाटंच गेले म्हनं…" मी जुडी तिथंच ठेवली आणि मिळेल त्या एसटीनं डोंगरकड्याकडच्या त्यांच्या तांड्यावर गेले. अंगणात तिरडी बांधत होते. जरा लांब चार-पाच माणसं उभी होती, त्यांतला एक जण कुणाची भीडभाड न ठेवता म्हणाला, "सख्ख्या काकाला पाण्यात बसवून मारलं यानं." इतकी वर्षं उलटली, माणूस तिरडीवर होता, तरी हा ठपका काही सुटला नव्हता. तो खोटा आहे. का खोटा आहे ते त्या दिवशी फक्त मलाच ठाऊक होतं, आणि हे लिहायला मी महिनाभर धीर गोळा करतेय.

नव्वदच्या दशकात, नवरा वारल्यावर दोन लेकरांना घेऊन मी हिंगोलीला त्यांच्या दवाखान्यात कामाला लागले. तांड्यातून डॉक्टर झालेला हा पहिलाच माणूस. आई लहानपणीच गेलेली, वाढवलं काका-काकूंनी. सर बोलायला तुटक, चिडायला तयार, पण पेशंटच्या पायाला हात लावताना असे हळू, की बघत राहावं. पुढे त्यांच्या डोक्यात एक अभ्यास शिरला. छातीत दुखणाऱ्या, चालताना पोटऱ्या भरून येणाऱ्या माणसांनी रोज कोमट पाण्यात पाय बुडवून बसायचं, आणि दर आठवड्याला पायाच्या शिरेतलं रक्त कसं वाहतं ते मोजायचं, असं सहा आठवडे. मोजायला त्यांनी एक छोटं यंत्र आणलं होतं. शिरेवर टेकवलं की त्यातून रक्ताचा फुस-फुस आवाज यायचा. मागच्या खोलीत मी सहा बादल्या मांडायचे, थर्मामीटर घालून पाणी सारखं करायचे. "हळद टाका की सिस्टर, अजून गुण येईल," असं कुणीतरी रोज म्हणायचंच. हसू यायचं. सर मात्र प्रत्येकाला बजावत, "यानं पायाची रक्तवाहिनी सैल होते, बरं वाटतं. हृदयाची बंद पडलेली नळी यानं उघडत न्हाई. त्याला अँजिओग्राफीच लागते, फुगा घालावा लागतो."

दर आठवड्याच्या मोजणीचा तक्ता भरणं माझ्याकडे होतं. तो कधी पुरा व्हायचाच नाही. पेरणी आली की दोघं गळायचे, लग्नसराई आली की आणखी चार. संध्याकाळी सर त्या कोऱ्या चौकटींकडे बघत बसायचे, आणि मला उगाच अपराधी वाटायचं. एकटे सरांचे काकाच तेवढे नेमानं यायचे. त्यांचे चार आठवडे झाले आणि औरंगाबादहून त्यांच्या अँजिओग्राफीची तारीख आली. त्या दिवशी सर नांदेडला गेले होते. ते पत्र हातात धरून काका माझ्यासमोर बसले.

"बाई, आता छातीवर धोंडा ठेवल्यागत न्हाई वाटत. पाणीच काम करून राहिलंय. मंग तिकडं काहून जाऊ? डॉक्टर काय म्हनंल?"

मी तक्त्याकडे पाहिलं. त्यांच्या नावापुढे दोनच चौकटी उरल्या होत्या.

"इतकी काय घाई आहे काका? तुमचे दोन आठवडे राहिलेत. ते होऊ द्या, मग जा."

काका खूश झाले. पत्राची घडी घालून टोपीत ठेवली. सर परतल्यावर त्यांनाही मी हे सांगितलं नाही, पुढची तारीख आपणच मागून घेऊ असा माझा शहाणपणा. नवव्या दिवशी शेतातून येताना काका बांधावर बसले, ते उठलेच नाहीत.

काका औरंगाबादला का गेले नाहीत, असं सरांनी मला विचारलं आणि मी सगळं सांगितलं. त्यांनी मागच्या खोलीतल्या बादल्या एकेक करून पालथ्या घातल्या. मग म्हणाले, "तू बाहेरची आहेस. माझे तांड्यातले लोक तुला इथं टिकू देणार न्हाईत. लेकरं घेऊन कुठं जाशील? मी घरचा आहे. शिव्या देतील, पण मारणार न्हाईत." आणि तांड्यावर जाऊन, भरल्या अंगणात, ते काकूंसमोर बोलले, "काकाला मीच थांबवलं."

मी गप्प बसले. त्या आठवड्यात अभ्यास बंद झाला, तक्ते कपाटात गेले. तांड्याचे पेशंट दुसऱ्या डॉक्टरकडे जायला लागले. त्यानंतर सर कुणालाही अँजिओग्राफीला पाठवायचे तेव्हा स्वतः डेपोवर जायचे, माणसाला सीटवर बसवायचे आणि गाडी हलेपर्यंत खिडकीपाशी उभे राहायचे. ओपीडी खोळंबली म्हणून मी कुरकुर करायचे. मी, आणि कुरकुर!… माझी लेकरं शिकली, नोकरीला लागली. तरीही मी बोलले नाही. मागाहून भीतीही उरली नव्हती, नुसती सवय झाली होती.

तेरावं झाल्यावर मी काकूंकडे गेले. आता खूप थकल्यात, पण कान शाबूत. ओसरीवर बसून धान्य निवडत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं, तक्ता, दोन आठवडे, माझं वाक्य. त्यांचा हात सुपात थांबला. रडतील असं वाटलं, शिव्या देतील असंही वाटलं.

"तो व्हता तवा काहून न्हाई सांगितलं, बाई?" त्या म्हणाल्या.

काकूंनी सूप बाजूला सारलं.

"दर दिवाळीला येयाचा. कपडा आनायचा. म्या एकदाबी घेतला न्हाई. दर दिवाळीला त्याला भायेरच उभं ठिवलं, बाई… माज्या लेकराला."