आधी कोणी जेवायचं

देवावर मी चिडले होते, हे आधीच सांगून टाकते. सासूबाई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळल्याला सहा महिने झाले होते आणि गेले आठ दिवस त्या धड घास घेत नव्हत्या. चमचा तोंडाशी नेला की ओठ घट्ट. सोमवारपर्यंत खाल्लं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा त्या लहान मुलीसारख्या रडल्या. त्यांच्या पोटात काही गेल्याशिवाय आपण जेवायचं नाही, असा माझाही नेम होता. देव बघतोय, असं वाटायचं. तो बघत होता की नाही कुणास ठाऊक, मला मात्र चक्कर येत होती. रविवारी सकाळी देव्हाऱ्यासमोर उदबत्ती आपटली आणि म्हटलं, "महादेवा, माह्यानं होत नाई आता. तूच भरव."

त्यावर दारात आली कोण, तर नागपूरहून सर्वे करणारी बाई! घरी म्हाताऱ्यांची देखभाल सुधारायची तर काय करावं, याचा म्हणे अभ्यास. पलंगाला कठडा आहे का? कूस कितीदा बदलता? समोरचं माणूस उपाशी आणि हिचे प्रश्न संपेनात. शेवटी तिने कागदावर 'भूक मंद' यापुढे खूण केली. माझं डोकंच फिरलं. तरी जेवणाची वेळ झालेली, उपाशी कशी पाठवणार? भात आणि लाखोळीचं वरण वाढलं. पण तीही हट्टी, म्हणाली, "तुम्ही बसल्याशिवाय मी खाणार नाही." वैतागून पलंगाशेजारीच ताट घेतलं.

दुसऱ्या घासाला पलंगावरून जड आवाज आला, "जेवली काय वं?"

"जेवून राह्यली, बाई," मी म्हटलं.

आणि सासूबाईंनी तोंड उघडलं.

उभा जन्म ही बाई घरात सगळ्यांच्या मागून जेवलेली. सून उपाशी असताना ती कशी खाणार? इतकं साधं माझ्या ध्यानात आलं नाही. पाहुणीने कागद चाळले. "घरात आधी कोण जेवतं, हा प्रश्न आमच्याकडे नाहीच," ती म्हणाली.

"मंग लिवा ना!" मी ओरडलेच. तिने लिहिला.

नळी टळली. ती बाई कुणी पाठवली, यावर मी वाद घालत नाही. आता रोज आधी मी जेवते, त्यांच्यासमोर. नेम मोडला म्हणून क्षमा मागायला देव्हाऱ्यापुढे बसले, तर डोळेच भरून आले. तूच भरव म्हटलं होतं, आणि त्याने आधी मला भरवलं.