श्यामरावांचा साहेब

श्यामरावांच्या जाण्याने विदर्भाचा इतिहास पोरका झाला, असं रामदासपेठेतल्या शोकसभेत एकामागून एक वक्त्यांनी सांगितलं. त्यांपैकी कुणीच त्यांचं लेखन वाचलेलं नव्हतं. मी वाचलं होतं.

श्यामराव कॉलेजात इतिहास शिकवत आणि सक्करदऱ्याच्या घरी एकोणिसाव्या शतकातली पत्रं मराठीत आणत. नागपूर दरबारातला इंग्रज रेसिडेंट कलकत्त्याला पाठवायचा ती पत्रं. परक्या राज्यातली रयत किती गरीब, कर किती जाचक, याचा साहेबाला फार कळवळा. पुढे राज्य खालसा झालं. कर वसूल होतच राहिले, पत्रांतला कळवळा मात्र आटला. या साहेबाला श्यामरावांनी चक्क वऱ्हाडी बोलायला लावलं होतं. "लोकाईले खायले नाही, अन् महाराज पट्टी काहून वाढवून राहिले?" असं ते वाचायचे, आणि त्यांच्या पत्नी कुसुमताई तोंडाला पदर लावून हसायच्या.

मी इंग्रजीचा प्राध्यापक. म्हटलं, "श्यामराव, हा राजनैतिक पत्रव्यवहार आहे. लोक हसतील."

"हासतीन तं हासतीन गा. वाचतीन तं खरं."

पण माझ्या मताला ते उगाच मान देत. पहिला मसुदा फाडून त्यांनी सगळं नव्याने लिहिलं. वर्षं गेली त्यात. उपाशी लोकांचं ‘प्रजाजनांचे दैन्य’ झालं... शेवटची भेट दवाखान्यात. नवा मसुदा माझ्या हाती देऊन त्यांनी विचारलं, "आता कसं वाटते?"

"भारदस्त," मी म्हणालो. ते भिंतीकडे बघत राहिले.

आता मित्रमंडळी ते पुस्तक छापताहेत, संपादक मी. कुसुमताई म्हणाल्या, "भाऊजी, एक तरी पत्र त्याईच्या पहिल्यासारखं टाका नं." मूळ इंग्रजी समोर ठेवून आठवडाभर मी एका पत्राशी झटलो आणि त्यांच्या स्वयंपाकघरात बसून वाचून दाखवलं. त्यांनी पदर तोंडाशी नेलाही होता... वाट पाहिली, मग खाली सोडला.

"वाईट नाही," त्या म्हणाल्या. "पण हा साहेब इंग्रज वाटते."

मी कागद खिशात घातला. पुस्तक होतं तसंच छापखान्यात गेलं. मुखपृष्ठाचा नमुना काल आला. श्यामरावांचं नाव लांब असल्यामुळे बारीक टाइपात बसवलं आहे, माझं मोठ्या.