चारी चाकं जमिनीवर

गॅरेजमध्ये गाडी आली की देवजीकाका बॉनेट उघडत नसत. चपला काढत, उकिडवे बसत आणि टायरवरून तळहात फिरवत. आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. एकीकडून गुळगुळीत आणि दुसरीकडून करवतीसारखं लागलं की चाक तिरकं चालतंय हे त्यांना कळे. मालक तोवर स्वतःचं निदान ऐकवत असायचा. काका म्हणत, "तू थांब जरा. आधी हिला बोलू दे."

"तू" सगळ्यांनाच. आमच्या वारली घरांत बापालाही तूच म्हणतात, मग मोटारवाल्याला वेगळं कशाला? चारोटी नाक्याजवळच्या त्या पत्र्याच्या गॅरेजातून काही लोक एवढ्यावरून रागावून निघून जायचे. काका हसत, "जाऊ दे. गाडीच त्याला परत घेऊन येईल." काका गेले, त्याला आता वर्ष होत आलं.

मी तलासरीची. वडील लाल बावट्याची पत्रकं वाटायचे आणि वाचायला मी त्या पत्रकांवरच शिकले. त्यामुळे काहीही लिहायला घेतलं की पहिला शब्द "धिक्कार" सुचतो. या सवयीला एकदाच कुणी लगाम घातला, आणि तो माणूस मेकॅनिक होता.

माझा मोठा भाऊ रमेश घोलवडच्या एका चिकूवाडीवर ड्रायव्हर होता. वाडीच्या शेठनी हौसेने एक जुनी विदेशी स्पोर्ट्स कार घेतली होती. लाल, बुटकी, दोन माणसांची. काही महिन्यांत ती बिथरली. ब्रेक मारला की डावीकडे ओढायची आणि वळणावर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की मागचा भाग घसरायचा. शेठनी पॅकिंग शेडमध्ये, चिकू निवडणाऱ्या सगळ्या बायकांसमोर, दादाला सुनावलं, "तूच ठोकलीस कुठेतरी. ठोकून गप्प बसलास." दादाने ती गाडी धुवायला म्हणून बंगल्यापासून विहिरीपर्यंत नेली होती, तेवढीच. पण ड्रायव्हरवर असा डाग लागला की झाईपासून डहाणूपर्यंत कुठल्याच वाडीवर त्याच्या हातात कुणी किल्ली देत नाही.

शेठ गाडी घेऊन काकांकडे आले. सोबत दादालाही आणलं होतं, आरोपी म्हणून. मी आपणहून गेले. शेठना दुरुस्ती नंतर हवी होती, आधी कागद हवा होता.

"देवजी, लिहून दे. धडकेने सांगाडा वाकलाय."

"लिहीन की. बघून लिहीन."

काकांनी गाडी सपाट फरशीवर घेतली. खालच्या चार जागांवरून ओळंबा सोडला, फरशीवर चुन्याच्या चार खुणा केल्या, गाडी बाजूला ढकलून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची दोन अंतरं मोजली. दोन्ही सारखी. "सांगाडा सरळ आहे." मग झाईच्या कोळ्यांकडून आणलेली तंगूस, म्हणजे मासेमारीची नायलॉनची दोरी, चाकांच्या दोन्ही बाजूंनी ताणून बांधली. मागचं डावं चाक बाहेर बघत होतं. ते चाक सांगाड्याला जोडणाऱ्या दांड्यात पहार घालून त्यांनी जोर दिला, तर दांडा अंगठाभर सरकला. दुपारपर्यंत चारी चाकांच्या दांड्यांच्या सांध्यांतली रबरं काढून त्यांनी पोत्यावर ओळीने मांडली. डावं मागचं फाटून लक्तर झालेलं, बाकीची तीन फाटायच्या वाटेवर.

"शेठ, ही कधी बसवलीस?"

"घेतली तेव्हाच. मुंबईत, मोठ्या गॅरेजमध्ये. लिफ्टवर."

"लिफ्टवर असतानाच नट आवळले?"

"मग काय चिकूच्या झाडावर?" शेठ स्वतःच्याच विनोदावर हसले.

काका हसले नाहीत. "तिथेच मेली ही. गाडी टांगली की चाकं खाली लोंबतात. तशी आवळलीस तर जमिनीवर उतरल्यावर रबर जन्मभर पिळलेलं राहतं. टांगलेल्या गाडीचा नट नुसता अडकवायचा. तिला चारी चाकांवर उभी कर, तिचं वजन तिच्या अंगावर येऊ दे, मग आवळ. आणि धडक एका कोपऱ्याला लागते, शेठ. इथं चारी कोपरे सारखे पिळलेत. ह्या पोराने काय चार वेळा मोजूनमापून ठोकली?"

कागद लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी जोरात लिहिलं: कष्टकऱ्यावर खोटा आळ घेणाऱ्या मग्रूर मालकशाहीचा... काकांनी तेवढंच वाचलं आणि वही फिरवून माझ्यापुढे ठेवली. "मग्रूर काढ. मालकशाही काढ. शिवी दिलीस की तो शिवीचं उत्तर देईल. रबर फाटलंय, याचं उत्तर त्याच्याकडे नाही."

मी चार ओळी लिहिल्या. सांगाडा सरळ. धडकेची खूण नाही. चारी रबरं पिळलेली. नट गाडी टांगलेली असताना आवळलेले. काकांनी सही केली. शेठनी वाचलं, चुरगाळलं, खिशात घातलं. पण आमच्या घरात कुणी कधी एकच प्रत काढत नाही. कार्बनखाली आणखी दोन होत्या. एक दादाला दिली, एक काकांनी भिंतीवर चिकटवली.

"काढ ते, देवजी."

"गाडी तुझी, शेठ. भिंत माझी."

त्यानंतर शेठच्या वाडीचा एकही टेम्पो काकांकडे आला नाही, शेवटपर्यंत.

ती लाल गाडी तेवढी तिथेच दुरुस्त झाली; नवी रबरं बसली. गाडी जमिनीवर उभी करून, शेठना सीटवर बसवून काकांनी खाली आडवं पडून नट आवळले. शेठ हायवेवर फेरी मारून आले. किल्ली खिशात टाकत म्हणाले, "रमेश, उद्या कामावर ये."

दादा हो म्हणणार होता. काकांनी त्याला हाताने थांबवलं. "येईल. पण ज्यांच्यासमोर ह्याच्यावर आळ घेतलास, त्यांच्यासमोर सांग आधी."

दुसऱ्या दिवशी काकांनी गॅरेज बंद ठेवलं आणि आमच्यासोबत घोलवडला आले. शेडमध्ये चिकू निवडणं चालू होतं. शेठ खोक्यांच्या थप्पीकडे बघत पुटपुटले, "रमेशची काही चूक नव्हती."

मागच्या दारात अनवाणी उभे असलेले काका म्हणाले, "मोठ्याने बोल, शेठ. इथं मागं ऐकू येत नाही."

बायकांचे हात थांबले. शेठ पुन्हा बोलले.